सवलतीची परतफेड विनोदानं नको

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

स. न. वि. वि.

मी मिरजेत राहतो, सांगलीतल्या एका पतसंस्थेत कर्जखात्याला आहे. वय 38. सव्वा वर्षापूर्वी अपघातात डावा पाय गुडघ्याखाली गेला. कृत्रिम पाय लावून चालतो, साइड व्हीलची स्कूटर चालवतो. स्वभाव आधीपासूनच थट्टेखोर. परत कामावर आलो तेव्हा पायावरचा पहिला विनोद मीच केला आणि सगळ्यांचं अवघडलेपण गेलं. पण आता भलतंच होऊन बसलंय. संगणकाच्या नव्या प्रणालीचं काम माझ्याकडं दिलं तेव्हा एकजण सगळ्यांसमोर म्हणाला, “वासरात लंगडी गाय शहाणी.” सगळे हसले, मीही हसलो. मागच्या महिन्यात मी पाय काढून बसलो असताना कुणीतरी फोटो काढला आणि स्टिकर करून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला.

मला वसुलीला पाठवत नाहीत, 15 मिनिटं आधी सोडतात, चपला बाहेर काढायच्या नियमातून सूट आहे, व्यवसाय करही कापत नाहीत. त्यावरून “मजा आहे एका माणसाची” हे रोजचंच. शाखाधिकारी मनानं चांगले, पण दमलो म्हटलं की पेटकर आणि खिलारी या पॅरालिम्पिक खेळाडूंची उदाहरणं देतात. काही मागायचं असलं की मी आधी स्वतःवर एखादा विनोद करतो, मग मागतो. सकाळी ज्या विनोदाला हसतो, त्याचाच संध्याकाळी संताप येतो. खरं सांगायचं तर मीही एकदा आमच्या अडखळत बोलणाऱ्या कॅशियरची नक्कल केली होती. मग मला राग यायचा हक्क आहे का? परवा जेवताना घरी म्हणालो, “माझा एक पाय आधीच स्मशानात पोचलाय,” तर बायको ताटावरून उठून गेली. हसणं सोडूनच देऊ का?

– एक वाचक, मिरज

दादा, स. न. वि. वि.

हसणं सोडू नका. सोडायची आहे ती एकच सवय, आणि ती तुम्ही पत्रात ओघात सांगून गेलात: काही मागायचं असलं की आधी स्वतःवर विनोद करायचा, मग मागायचं. तुमच्या बऱ्याच अडचणी या सवयीतून फुटल्या आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

पहिल्या दिवशीचा तुमचा विनोद चांगला होता. लोक नजर चुकवत होते, काय बोलावं ते कुणाला सुचत नव्हतं. तुम्ही हसवलंत आणि याच्याशी पूर्वीसारखं बोललं तरी चालतं, हे सगळ्यांना कळलं. त्या विनोदाचं काम तिथं झालं. पुढं मात्र खुर्ची हवी असली की विनोद, वरच्या मजल्यावरून फाइल मागवायची असली की विनोद, असं चालू झालं. त्यातून समोरचा काय शिकतो? हा मागतोय तो उपकार आहे, आणि त्याची किंमत म्हणून याच्या पायावर हसायला मिळतं. काही महिन्यांत ती किंमत अंगवळणी पडते. मग एखाद्या दिवशी तुम्ही विनोद केला नाहीत, तर लोक तुमच्या वतीनं तो करून टाकतात. ‘लंगडी गाय’ अशीच आली.

तुम्ही कर्जखात्याचे आहात, म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो: विनोद आणि गरज ही दोन वेगळी खाती आहेत, एकाची नावे रक्कम दुसऱ्यात टाकू नका. मागायचं ते सरळ मागा. उदाहरणार्थ, “साहेब, रोज दुपारी दीडला 5 मिनिटं रेकॉर्ड रूम लागेल. पायाचा मोजा बदलावा लागतो.” बस्स, इतकंच. सुरुवातीला ‘सॉरी’ नको, शेवटी हसू नको आणि मधे अपघाताची कहाणीही नको. पहिले काही दिवस हे तुम्हालाच तुसडं वाटेल. साहेबही विचारतील, “काय रे, रागावलास का?” त्यावर “नाही साहेब, कामाचं सांगतोय” एवढंच म्हणा. मागून झालं, काम झालं, आणि मग चहाच्या वेळी काही सुचलं तर खुशाल हसवा. फरक इतकाच, की त्या विनोदाच्या बदल्यात तुम्हाला काही घ्यायचं नसतं. म्हणून तो मोकळा असतो.

आता संध्याकाळच्या संतापाचं. विनोद तोच, माणसं तीच, सकाळी हसू येतं आणि चारनंतर टोचतं, असं तुम्ही लिहिलंत. मनाचा भाग असेलच. पण आधी सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची वरची खोबण, तपासा.

गुडघ्याखालचा पाय काढल्यावर पहिलं वर्ष-दीड वर्ष स्टंप, म्हणजे उरलेला पाय, बारीक होत राहतो. तुम्ही अजून त्याच काळात आहात. शिवाय एका दिवसातही तो सकाळपेक्षा संध्याकाळी आकसतो, कारण चालताना दाबानं त्यातलं पाणी निघून जातं. सॉकेट मात्र तेवढंच राहतं. सकाळी घट्ट बसलेला पाय दुपारनंतर आत खाली सरकतो. मग गुडघ्याच्या वाटीखालच्या ज्या मऊ पट्ट्यावर भार यायला हवा, तिथं न येता तो वाटीच्या खालच्या कडेवर आणि हाडाच्या टोकावर येतो. चालताना पाय आत वरखाली होतो, कधी ‘टक टक’ वाजतो, पाऊल किंचित बाहेर किंवा आत फिरतं. हे सगळं दिवसभर सोसत काउंटरवर बसलेल्या माणसाला चार वाजता कुणी “काय लंगडेबुवा” म्हटलं, तर डोकं फिरणारच.

उपाय साधा आहे. ड्रॉवरमध्ये स्टंपचे सुती मोजे ठेवा: 1 प्लायचे दोन, 3 प्लायचा एक, 5 प्लायचा एक (प्लाय म्हणजे मोज्याच्या जाडीचं माप). दुपारी जेवणानंतर पाय काढा, स्टंप आणि लायनर (स्टंपवर चढवायचं मऊ अस्तर) कोरड्या फडक्यानं पुसा, आणि पाय सैल वाटत असेल तर 1 प्लायचा मोजा वाढवा. तरी सैल वाटला तर 3. मोज्याला सुरकुती राहू देऊ नका, फोड येतो तो बहुधा सुरकुतीखालीच येतो. उलट सॉकेट चहूबाजूंनी आवळतंय, स्टंप तळापर्यंत उतरतच नाही, असं वाटलं तर मोजा कमी करा. एकावर एक मिळून 10–12 प्लायच्या वर जायची वेळ आली, तर मोज्यांवर भागवू नका. सॉकेट दुरुस्त करायची किंवा नवीन करायची वेळ झाली असं समजून प्रोस्थेटिस्टकडं, म्हणजे कृत्रिम पाय बनवणाऱ्या तज्ज्ञाकडं, जा.

रात्री पाय काढल्यावर आरशात स्टंपची मागची बाजूही बघा. लाली 10–15 मिनिटांत विरली तर ठीक. तशीच राहिली, किंवा रोज एकाच जागी येत असली, तर तिथं दाब चुकीचा पडतोय. स्टंप रात्री सौम्य साबणानं धुवा, सकाळी नको. ओलसर त्वचा थोडी फुगते आणि सॉकेटमध्ये घासली जाते. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये लायनरच्या आत घाम साचतो, त्यामुळं दुपारचं ते पुसणं उन्हाळ्यात चुकवू नका. आणि झोपताना गुडघ्याखाली उशी घेत असाल तर ती काढून टाका. बरं वाटतं खरं, पण गुडघा वाकलेल्या जागी धरून बसतो आणि मग चालच बिघडते.

दोन आठवडे हे नेमानं करा आणि मग बघा, कोणत्या विनोदाचा राग संध्याकाळीही येतो आणि कोणत्याचा येत नाही. ज्याचा राग सकाळी ताज्या अंगानंही येतो, तो विनोदच वाईट आहे. त्याबद्दल बोलायलाच हवं.

त्याआधी ‘मजा आहे’ म्हणणाऱ्यांकडं येऊ. चारही सवलती एका दमात मोजल्या जातात, पण त्या एका जातीच्या नाहीत. तीन सवलतींत सहकाऱ्यांचं काहीच जात नाही. चौथीत जातं, आणि तिथं त्यांचं म्हणणं ऐकून घेण्यासारखं आहे.

व्यवसाय कराचं सगळ्यात सोपं. महाराष्ट्रात कायमचं शारीरिक दिव्यांगत्व असलेल्या नोकरदाराला या करातून सूट आहे. महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 धरून वर्षाला वाचतात 2,500 रुपये. एका चांगल्या सिलिकॉन लायनरची किंमत याच्या कितीतरी पट असते आणि तो साधारण वर्षभरात झिजतो. हा हिशोब एकदाच, शांतपणे सांगा.

चपलांचं कुणालाच माहीत नसतं, म्हणून ते दाखवूनच द्या. कृत्रिम पायाची उभारणी बुटाच्या टाचेच्या उंचीवर बेतलेली असते. बूट काढला की टाच खाली जाते, नडगीचा भाग मागं कलतो आणि प्रत्येक पावलाला गुडघा मागं ढकलला जातो. त्या पायावर उभं राहिलं तर मागं पडल्यासारखं वाटतं. शिवाय घोट्यात वाक नसल्यामुळं बूट घालणं-काढणं हे शूहॉर्न घेऊन करायचं काम आहे, दिवसात चार वेळा होत नाही. तरीही फरशी स्वच्छ राहावी ही सहकाऱ्यांची अपेक्षा रास्तच आहे. तेव्हा तळ स्वच्छ पुसलेले, टाच बरोबर तेवढ्याच उंचीची असलेले दुसरे बूट फक्त ऑफिसात वापरा. सकाळी आल्यावर एकदा बदला आणि जाताना एकदा. बुटांवर चढवायच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या मात्र नकोत, गुळगुळीत फरशीवर त्या घसरतात. पुढच्या वेळी पाय करून घेताना, तुम्ही देवळात आणि घरात अनवाणी किती चालता हे प्रोस्थेटिस्टला आवर्जून सांगा. 1968 साली जयपूरमध्ये रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी विकसित केलेला जयपूर फूट अनवाणी चालणाऱ्या, मांडी घालून बसणाऱ्या माणसांचा विचार करूनच घडवला होता. तुमच्या कामाला तो बसेल का, हे तपासून घ्यायला हरकत नाही.

15 मिनिटं आधी निघण्याचं कारण स्टँडवरची आणि पुलावरची गर्दी असेल, तर तेच कारण सांगा. कृत्रिम पायानं चालायला साधारण पाव पटीनं जास्त शक्ती लागते, धक्काबुक्कीत तोल सावरायला आणखी. पण ती 15 मिनिटं सकाळी आधी येऊन किंवा जेवणाच्या सुट्टीतून भरून काढता येतात का, तेही बघा. येत असतील तर भरून काढा आणि हजेरीत तशी नोंद ठेवा. मग या विषयावर बोलण्यासारखं काही उरत नाही.

राहिली वसुली. इथं भार खरोखर दुसऱ्यांच्या खांद्यावर गेलाय. तासगाव-कवठेमहांकाळच्या बाजूला उन्हात द्राक्षबागांतून हिंडणं, चार शिव्या खाऊन मोकळ्या हातानं परत येणं, हे काय असतं ते तुम्ही अपघाताआधी केलेलंच आहे. तुमच्या वाटच्या फेऱ्या कुणीतरी करतंय. त्याला राग आला तर तो दुष्ट आहे असं समजू नका.

पण पत्रात तुम्ही लिहिलंत, ‘मला पाठवत नाहीत’. हे कुणी ठरवलं? तुम्हाला विचारून ठरवलं का? आमचा अंदाज असा, की कुणीतरी कळवळ्यानं ठरवलं आणि तुम्ही काही बोलला नाहीत. नांगरट केलेलं रान, उसाच्या सऱ्या, पावसाळ्यातल्या चिखलाच्या पाणंदी तुमच्यासाठी खरंच धोक्याच्या आहेत. मार्केट यार्डातला दुकानदार किंवा विश्रामबागेतला फ्लॅटधारक नाही. स्कूटर दारापर्यंत जाते तिथली थकबाकी तुम्ही मागून घ्या. जिना लागला तर चढताना उजवा पाय आधी, उतरताना कृत्रिम आधी, कठडा सोडायचा नाही.

शेतशिवारातल्या ज्या फेऱ्या सुटतात, त्यांच्या बदल्यात त्याच माणसांचं काम उचला. कुणाचं तरी नव्हे, त्याच माणसांचं. फेऱ्या ज्यानं केल्या त्याच्या 101 च्या (सहकारी संस्था कायद्याच्या कलम 101 खालच्या थकबाकी वसुलीच्या) प्रकरणांची कागदपत्रं तुम्ही लावून द्या: कर्जरोखा, खातेउतारा, जामीनदारांचे कागद, मागणी नोटीस आणि तिची पोच. फोनवरचा पाठपुरावा तुमच्याकडं घ्या. एक महिना वहीत लिहा, कुणी किती तास फिरलं आणि तुम्ही त्याचं किती तास काम केलंत. तासाला तास जुळवू नका. उन्हातला एक तास टेबलावरच्या दीड तासाबरोबर धरायचा की दोन, हे फिरणाऱ्यानंच सांगावं आणि तुम्ही ते मान्य करावं. महिनाअखेरीला शाखाधिकाऱ्यांसमोर सगळे मिळून एकदा वही बघा. हे करताना दोन ठिकाणी घोळ होतो. एक, अपराधी वाटून माणूस दुप्पट काम अंगावर घेतो, सहा महिन्यांत थकतो, आणि मग ‘याला झेपत नाही’ असा शिक्का बसतो. दोन, वाटणी तोंडी राहते आणि नवे शाखाधिकारी आले की सगळं पहिल्यापासून. म्हणून जी वाटणी ठरेल ती लेखी ठेवा.

शाखाधिकाऱ्यांच्या उदाहरणांचंही इथंच बोलून घेऊ. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात जखमी झाले आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहण्याचं सुवर्णपदक त्यांनी आणलं. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारी यांनी 2024 मध्ये पॅरिसला गोळाफेकीत रौप्यपदक मिळवलं. सांगली जिल्ह्यानं अभिमान बाळगावा अशीच ही माणसं आहेत. पण दोन धडधाकट पायांच्या कारकुनाला कुणी गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं 1952 चं पदक दाखवून वसुली वाढवायला सांगत नाही. मग “दमलो” म्हणणाऱ्या दिव्यांग कारकुनालाच पदकं का दाखवायची? आणि खिलारींच्या खेळातूनच शिकायचं तर एक वेगळी गोष्ट शिकण्यासारखी आहे. ते एफ 46 या गटात खेळतात. हा गट हाताचं दिव्यांगत्व असलेल्यांचा. पायाचं दिव्यांगत्व असलेल्यांचे गट वेगळे, खुर्चीवर बसून फेकणाऱ्यांचे आणखी वेगळे. कुणाचं शरीर काय करू शकतं हे तपासून मगच कोण कुणाशी खेळणार ते ठरतं, आणि त्यानंतर मात्र एका सेंटीमीटरचीही सूट कुणाला मिळत नाही. वसुलीची वही म्हणजे नेमकं हेच आहे. साहेबांना हे सांगून बघा. ते मनानं चांगले आहेत असं तुम्हीच म्हणता, त्यांना पटेल.

आता विनोद. आपल्या सांगली-साताऱ्याकडं टोपणनाव शरीरावरूनच पडतं. टकल्या, बुटक्या, चकण्या, आणि माणूसही त्या नावानं ‘ओ’ देतो. त्यामुळं प्रत्येक शब्दावर अडायला गेलात तर ऑफिसात राहणं कठीण होईल. आम्ही इतकंच बघतो, की हसून झाल्यावर नुकसान कुणाचं होतं. “पाय गेला, पण अंगठ्याला खाज अजून येते” हे तुम्ही सांगता तेव्हा ऐकणारा शरीराबद्दल काहीतरी नवीन शिकतो आणि नुकसान कुणाचंच होत नाही. “दाखल्यासाठी परत बोलावलंय, पाय उगवला का ते बघायला” यात चिमटा बसतो तो कागदी कारभाराला. ‘वासरात लंगडी गाय’ मध्ये मात्र तुम्ही मेहनतीनं शिकलेलं काम सगळ्यांसमोर खाली आलं. इथं सगळेच वासरं, म्हणून हा शहाणा. पाय हे नुसतं निमित्त होतं. तुम्ही चिडला असाल तर बरोबर चिडलात.

सर्वोच्च न्यायालयानं 8 जुलै 2024 रोजी, एका हिंदी चित्रपटाविरुद्धच्या याचिकेवर निकाल देताना, हाच फरक केला आहे. दिव्यांग माणसाला कमी लेखणारा विनोद वेगळा आणि दिव्यांगत्वाबद्दलच्या रूढ समजुतींना धक्का देणारा विनोद वेगळा, या दोन्हींची गल्लत करू नये असं न्यायालयानं म्हटलं आहे.

त्या सहकाऱ्याशी बोलायचं तर एकट्यात बोला. सगळ्यांसमोर नको, तिथं तो आणखी एक विनोद करून सुटेल. ग्रुपवर तर मुळीच नको. “तू त्या दिवशी लंगडी गाय म्हणालास. मी हसलो, पण मला ते लागलं. पायावरून चेष्टा कर, मी पण करतो. माझ्या कामावरून पायाला जोडून बोलू नकोस.” तो म्हणेल, “तेव्हा तर दात काढत होतास की मर्दा!” हे हमखास येतं. त्याचं उत्तर आधीच तयार ठेवा: “हो, हसलो. आता सांगतोय.” वाद तिथंच संपवा आणि चहा पाजा. परत झालंच, तर त्या वेळी हसू नका, त्याच्याकडं बघा आणि गप्प राहा. हसण्यात तुमचा आवाज नसला की बाकीच्यांचं हसणंही अर्ध्यात थांबतं. इतरांपैकी एखादा तुमच्या बाजूचा असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा, “त्या वेळी तूही हसू नको.”

स्टिकर ही वेगळी गोष्ट आहे, ती चहावर मिटवायची नाही. पाय काढून बसणं हा तुमचा खासगी क्षण होता, विचारल्याशिवाय त्याचा फोटो निघाला आणि आता तो कुठंही जाऊ शकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला संदेश सगळ्यांसाठी पुसायची मुदत सुमारे अडीच दिवसांची असते, ती तुमच्या बाबतीत उलटून गेली. म्हणून आधी तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. मग ज्यानं टाकला त्याला आणि ग्रुपच्या अ‍ॅडमिनला एकत्र भेटा. मूळ फोटो, स्टिकर आणि इतरांनी ‘फेव्हरिट’मध्ये ठेवलेल्या प्रती पुसायला सांगा. अ‍ॅडमिननं ग्रुपवर एवढंच लिहावं: “सहकाऱ्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, स्टिकर करायचे नाहीत. आधीचे असतील ते आज काढून टाका.” तुमचं नाव घालायची गरज नाही. आणि दुपारी मोजा बदलायला बंद दाराची जागा मागा, ती याच कारणासाठीही हवी.

कॅशियरबद्दल. हो, तुम्हाला राग यायचा हक्क आहे. नक्कल केल्यामुळं तो बुडत नाही. पण तुम्ही जे मागायला निघालात ते आधी द्यावं लागेल. त्यांना एकटं गाठून म्हणा, “मी तुमची नक्कल केली ती चूक होती. परत करणार नाही.” त्यांनी माफ केलं का, हे विचारत बसू नका. तो भार त्यांच्यावर टाकायचा नसतो. यापुढं ते अडखळले तर शब्द तुम्ही पुरवू नका, “सावकाश बोला” म्हणू नका, त्यांच्याकडं बघत थांबा. काउंटरवर रांग असताना तर नक्कीच. ही माफी सहकाऱ्याशी बोलायच्या आधी मागा, नंतर नको. नाहीतर “आधी स्वतःचं बघ” हे ऐकावं लागेल, आणि ते खरंच असेल.

घरच्या विनोदाकडं मात्र दुसऱ्या बाजूनं बघावं लागेल. ‘एक पाय स्मशानात’ हा तुमच्या दृष्टीनं तुमच्या पायावरचा विनोद आहे. वहिनींना त्या वाक्यात वेगळंच ऐकू येतं. शस्त्रक्रियेच्या वेळी तुम्ही भुलीत होता, बाहेर जागी होती ती त्या. सही कुणी केली, काढलेल्या पायाचं काय करायचं हे कुणाला विचारलं गेलं, हे तुम्ही त्यांना कधी विचारलंय का? तुमच्यासाठी ती गोष्ट ऐकीव आहे, त्यांनी ती डोळ्यांनी बघितली आहे. तेव्हा मरणावरचे विनोद घरात थांबवा आणि त्यांना सांगा, “ते मी परत बोलणार नाही. त्या रात्री काय काय झालं ते सांगशील तेव्हा ऐकीन.” लगेच सांगतील असं नाही. वाट बघा, मधे हसवायला जाऊ नका. कोणत्या विनोदाला त्या स्वतःहून हसतात, कोणता त्या स्वतः करतात, हे लक्षात ठेवा. एकाच पायाचं नख कापावं लागतं यावर कदाचित त्या तुमच्याहून मोठ्यानं हसत असतील.

शेवटी कायद्याचं, कारण बोलून भागलं नाही तर ते लागेल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये सहकारी संस्था ‘खासगी आस्थापना’ या व्याख्येत येतात. कलम 21 नुसार प्रत्येक आस्थापनेनं दिव्यांगांसाठी समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. 20 किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात सुविधा, योग्य पदं, संपर्क अधिकारी यांचा तपशीलही हवा. तुमच्या संस्थेचं असं धोरण आहे का, ते विचारा. नसेल तर वसुलीची वाटणी, बंद जागा आणि कमोड या तीन गोष्टी त्यात घालून घ्यायची ही संधी आहे. कमोड 45 ते 48 सेंटीमीटर उंचीचा आणि शेजारी भिंतीत पक्का बसवलेला दांडा. आता जे भारतीय पद्धतीचं स्वच्छतागृह आहे तिथं तुम्ही कसं भागवता हे पत्रात नाही, पण पाणी कमी पिऊन भागवत असाल तर ते आधी थांबवा.

चारचौघांत, अपमान करण्याच्या हेतूनं दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून हिणवणं हा कलम 92 खाली गुन्हा आहे, शिक्षा 6 महिने ते 5 वर्षं कैद आणि दंड. एका म्हणीसाठी तिथवर जायला आम्ही सांगणार नाही. सांगूनही स्टिकर परत फिरला, मुद्दाम फिरवला, तर मात्र हे कलम लक्षात असू द्या. दाद मागायला पुण्यात राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे.

त्याआधीची पायरी म्हणजे शाखाधिकाऱ्यांना एक पानी अर्ज. तारीखवार काय झालं ते तीन-चार ओळींत, तुम्हाला काय हवं ते तीन ओळींत, स्क्रीनशॉटची छापील प्रत सोबत. विशेषणं नकोत, विनोद नको. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, शिक्का आणि सही घेऊन ती घरी ठेवा.